आधी तिलोदक, मग सीमोल्लंघन

साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त म्हणजे विजयादशमी. आज घरोघरी झेंडूची तोरणे लागतील, वह्या-पुस्तकांवर सरस्वती रेखिली जाईल, नांगर-कुळवापासून यंत्रशाळेतील लेथपर्यंत साऱ्या साधनांना हळदकुंकू वाहिले जाईल आणि सायंकाळी ग्रामदेवतेची पालखी वेशीबाहेर जाऊन सीमोल्लंघन करील. पावसाळा सरून नद्या उतरल्या की मराठ्यांच्या फौजा याच दिवशी मुलूखगिरीस बाहेर पडत. विजयाचा, शस्त्रांचा आणि पराक्रमाचा हा सण आहे, हे सांगावयास कीर्तनकाराची गरज नाही.

परंतु सुज्ञ वाचकांनी पंचांग हाती घेऊन आजपासून अकरा तिथी मागे मोजाव्यात. भाद्रपद वद्य चतुर्दशी येते. तिला आपल्याकडे घातचतुर्दशी म्हणतात. पितृपक्षातील इतर तिथींना त्या त्या तिथीस मृत झालेल्यांचे श्राद्ध करावयाचे असते. चतुर्दशी मात्र शस्त्राने, विषाने वा अपघाताने ज्यांना मृत्यू आला त्यांच्यासाठी राखून ठेवलेली आहे. घरी अंथरुणावर ज्याने चतुर्दशीस देह ठेवला त्याचे महालय श्राद्धही या दिवशी न करता अमावास्येस करतात. आमच्या पंढरपुरातच काशीनाथशास्त्री उपाध्याय तथा बाबा पाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस 'धर्मसिंधु' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात या निर्णयाचा विस्तार जिज्ञासूंना पाहता येईल. मला येथे निर्णयापेक्षा क्रमाविषयी बोलावयाचे आहे. शस्त्राने मेलेल्यांचे स्मरण आधी आणि शस्त्रांची पूजा नंतर, असा हा क्रम आहे. आपल्या पूर्वजांनी तो ठरवून लावला असो वा कालगणनेच्या ओघात आपोआप लागलेला असो, त्यात एक अर्थ निश्चितपणे दडलेला आहे.

दसऱ्याची शमीपूजेची कथाही तेच सांगते. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगराबाहेरील शमीच्या झाडावर ठेविली, हे बालकांनाही ठाऊक असते. पण त्याच फांदीला त्यांनी एक शवही बांधले होते, ही विराटपर्वातील गोष्ट आपण सहसा सांगत नाही. दुर्गंधीने कोणी झाडाजवळ फिरकू नये, हा त्यातील हेतू. आपण शमीची पाने घरी आणतो, शस्त्रांची आठवण ठेवतो आणि त्या शवाला विसरतो. जेथे शस्त्र असते तेथे शव असतेच, हे व्यासांनी त्या एकाच झाडावर दाखवून ठेविले आहे. मला हे कोणत्याही पाठशाळेत कळले नाही. ते मला माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, शिकविले आणि आबा फारसे शिकलेले नव्हते.

बेळगावची वाट

आमचे घराणे वारकरी. पंढरपूरपासून चार कोसांवर थोडी कोरडवाहू जमीन आणि दारात एक विहीर, एवढाच संसार. आजोबा अकाली वारले तेव्हा जमीन सावकाराकडे गहाण होती. आबा थोरले, माझे वडील त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. १९४१ मध्ये सैन्यभरतीची दवंडी पिटली गेली, तेव्हा आबांचे वय एकोणीस होते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळकऱ्याने मांसाहार करावयाचा नाही, हिंसा करावयाची नाही, हा आमच्या घरचा दंडक. भरतीला जाण्याच्या पहाटे आबांनी ती माळ काढून आजीच्या हातावर ठेविली आणि म्हणाले, "आई, ही देवापाशी ठेव. परत आलो की घालीन." आजीने ती देव्हाऱ्यात विठ्ठलाच्या तसबिरीला अडकवून ठेविली.

बेळगावच्या मराठा केंद्रात शिक्षण घेऊन आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनीत दाखल झाले. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनीसमवेत सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला टारांटो बंदरात उतरली. त्या देशाची भूमी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. मध्यभागी अपेनाइन पर्वताचा कणा आणि त्यातून दोन्ही समुद्रांकडे धावणाऱ्या असंख्य नद्या. शत्रूने प्रत्येक नदी ही तटबंदी करावी आणि आमच्यांनी ती ओलांडावी, की पुढे दुसरी नदी तयार. १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रो, मे १९४४ मध्ये कॅसिनोच्या पायथ्याची गारी, आणि अखेरीस एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ. रस्ते चिखलात गेले की दारूगोळा आणि शिधा खेचरांच्या पाठीवरून न्यावा लागे. माणदेशाच्या उन्हात वाढलेल्या पोरांनी दोन हिवाळे त्या बर्फात काढले.

महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली होती. सक्तीची भरती नसताना एवढे सैन्य उभे राहिले. त्यांपैकी सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. एकट्या इटलीत ५,७०० हून अधिक भारतीयांनी देह ठेविला. हे सारे कोणासाठी? हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. आबांचे उत्तर साधे होते. "राजासाठी कोण गेलं? सावकाराचं देणं फेडायला गेलो." १९४४ साली त्यांनी धाडलेल्या पगारातून आमची जमीन सुटली. त्याच जमिनीवर माझे वडील वाढले आणि पुढे माझ्या संस्कृतच्या अध्ययनाचा खर्चही तिनेच सोसला. मी जे काही व्याकरण शिकलो त्याच्या तळाशी त्या परक्या नद्यांचा चिखल आहे, हे मी कधी विसरलो नाही.

सेनिओचा बंधारा

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जे झाले ते पुष्कळांनी वाचले असेल. नदी जेमतेम पंधरा फूट रुंद, पाणी छातीएवढे. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे सरळ उभे मातीचे बंधारे आणि त्यांत सर्वत्र सुरुंग पेरलेले. याच बटालियनीचे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे, यांनी त्या दिवशी दोन जखमी सहकाऱ्यांना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे पोहोचविले, नंतर एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या निकामी केल्या आणि जखमी हाताने गोळी झाडवेना तेव्हा बंधाऱ्याच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागील तुकड्यांना पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ मध्ये ते निवर्तले.

आबा त्या दिवशी त्याच नदीवर होते. त्यांना क्रॉस मिळाला नाही, ते साधे नाईक म्हणून परत आले. नामदेवरावांचे नाव निघाले की ते हात जोडीत आणि म्हणत, "तो वाघ होता. त्याची गोष्ट सांगावी. आमच्यासारख्यांची सांगण्यासारखी नसती." आबांची गोष्ट घरात फार उशिरा कळली आणि तीही त्यांनी आजीला सांगितली म्हणून.

पलीकडचा बंधारा हाती आल्यावर, पहाटे, आबा एका खंदकात शिरले. रात्री त्याच खंदकाच्या तोंडाशी त्यांनी हातबाँब टाकला होता. आत एक जर्मन पोर पडले होते. वय असेल अठरा-एकोणीस. सदऱ्याची गुंडी तुटून गळा उघडा पडला होता आणि गळ्यात एक साधा दोरा होता. त्या दोऱ्याला देवाच्या आईची छोटी धातूची मुद्रा ओवलेली होती. आबा आजीला एवढेच म्हणाले, "आई, त्याच्या आईनं त्याची माळ काढून घेतली नव्हती."

२ मे १९४५ रोजी इटलीतील युद्ध थांबले. १९४६ मध्ये आबा घरी आले.

जो परत येतो त्याचे काय?

गावाने त्यांचे स्वागत केले नाही, असे नाही. पण कसे करावे हे गावाला कळले नाही. १९४२ च्या चळवळीत तुरुंग भोगून आलेल्यांचे सत्कार होत होते, आणि ते योग्यच होते. गोऱ्या सरकारच्या सैन्यातून आलेल्याच्या गळ्यात हार कोणत्या नावाने घालावा? पंधरा वर्षांची नोकरी पुरी झालेली नसल्याने निवृत्तिवेतनही नव्हते. ट्रंकेत दोन पदके, एक लोकरी कोट आणि पायात बर्फाने बधिर झालेली दोन बोटे, एवढ्या शिदोरीवर आबा पुन्हा मोटेवर उभे राहिले.

आजीला मात्र एकच गोष्ट खुपत होती. आबा माळ घालीत नव्हते. "तुझी माळ देवापाशी हाय. घाल की," असे ती दर एकादशीला म्हणे. आबा उत्तर देत, "अजून हात धुतलं न्हाईत, आई." आषाढीला सारे घर वाळवंटात कीर्तनाला बसले तरी आबा दूर महाद्वार घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहात. नामदेव पायरीपुढे ते जात नसत. कळसाला नमस्कार करून परत फिरत.

येथे शास्त्राचा विचार करणे प्राप्त आहे. रणांगणी पडलेल्या वीराविषयी आपली शास्त्रे भरभरून बोलतात. मनूने तर रणात शस्त्राने मरण आलेल्याचे अशौचही तत्काळ संपते, असे म्हटले आहे. धर्मयुद्धातील वधाला पातक मानलेले नाही आणि प्रायश्चित्ताची आवश्यकताही सांगितलेली नाही. गावातील भिक्षुकांनी आबांना हेच ऐकविले. परंतु या साऱ्या वचनांचा रोख मेलेल्याकडे अथवा जिंकलेल्याकडे आहे. जो जिंकूनही घरी येऊन झोपू शकत नाही त्याचे काय? आबांना दोष नको होता, तशी क्षमाही नको होती. जे घडले ते कोठे ठेवावे, एवढेच त्यांना कळत नव्हते.

ते त्यांना एका वृद्ध कीर्तनकार महाराजांनी सांगितले. १९४८ च्या चातुर्मासात महाराजांचा मुक्काम आमच्या शेजारच्या मठात होता. आजीने आबांना बळेच त्यांच्यापुढे नेऊन बसविले. महाराजांनी उपदेश केला नाही. त्यांनी महाभारताचे स्त्रीपर्व सांगितले.

अठरा दिवसांचे युद्ध संपले. गांधारीचा आणि कुरुस्त्रियांचा आक्रोश झाला. तेव्हा आंधळ्या धृतराष्ट्राने युधिष्ठिराला विचारले की, ज्यांचे येथे कोणी नाही, जे दूरदूरच्या देशांतून येऊन पडले, त्यांचे दहन कोण करणार? युधिष्ठिराने विदुर, संजय, धौम्य आदींना आज्ञा केली आणि दोन्ही पक्षांच्या मृतांना, नाथांना आणि अनाथांना, अग्नी देवविला. मग सारे गंगेवर गेले आणि प्रत्येकाच्या नावाने पाणी दिले. त्या वेळी कुंतीने कर्णाचे रहस्य सांगितले. ज्याला शत्रू म्हणून मारले तो सख्खा थोरला भाऊ निघाला आणि युधिष्ठिराने त्याच्या नावानेही ओंजळ सोडली. इतके झाल्यावरही पांडव लगेच हस्तिनापुरात गेले नाहीत. शुद्धीसाठी ते महिनाभर नगराबाहेर गंगातीरी राहिले. शांतिपर्वाचा आरंभ तेथेच होतो.

कथा संपवून महाराज म्हणाले, "राजा झालेला युधिष्ठिर महिनाभर वेशीबाहेर बसला. तू दोन वर्षं पायरीवर बसलास, त्यात नवल नाही. पण तो नुसता बसला नव्हता, आधी पाणी देऊन बसला होता. तू पाणी दिलंस का?"

त्या वर्षीच्या घातचतुर्दशीला आबा चंद्रभागेत उतरले. पलटणीत पडलेल्या गाववाल्यांची आणि सोबत्यांची नावे त्यांना पाठ होती. प्रत्येक नावाला त्यांनी तिलोदक दिले. शेवटची ओंजळ त्यांनी नाव न घेता सोडली. पुढे नवरात्र बसले, खंडेनवमीला घरातील अवजारे पूजेला लागली. आबांनी पदके मांडली नाहीत. त्यांनी विहिरीवरचे फावडे धुऊन पाटावर ठेविले. "बंदूक सरकारची होती, ती परत केली. जीव वाचवला तो खंदकानं, आणि खंदक फावड्याचा," असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आजीने देव्हाऱ्यातील माळ काढली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातली. त्या संध्याकाळी आबांनी नामदेव पायरी ओलांडली. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून ते फार वेळ उठले नाहीत, असे आजी सांगत असे.

काश्यप गोत्र

यानंतर दरवर्षी तो नेम चालला. मी पाठशाळेत जाऊ लागल्यावर, १९७५ च्या सुमारास, संकल्प सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा मला शंका आली. शेवटच्या ओंजळीचा जो धनी, त्याचे नाव माहीत नाही, गोत्र तर नाहीच. तो आपल्या धर्माचाही नाही. त्याला दिलेले पाणी शास्त्राला मान्य आहे काय?

मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितलेली तीन प्रमाणे येथे देतो, कारण अशी शंका अनेकांना येत असेल. पहिले असे की, गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप गोत्राचा उच्चार करावा, असा शिष्टसंमत निर्णय आहे. कश्यप हा देव, दानव, मानव, पशुपक्षी साऱ्यांचाच पिता मानलेला असल्याने त्याच्या गोत्राबाहेर कोणी उरतच नाही. दुसरे असे की, नित्य तर्पणाच्या अखेरीस जे आपले बांधव आहेत, जे नाहीत आणि जे कोण्या जन्मी असतील, त्या सर्वांच्या तृप्तीसाठी पाणी देण्याचा विधी आहेच. तिसरे भीष्मतर्पणाचे. माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक भीष्मांना पाणी देण्याचा अधिकार रक्तसंबंध नसलेल्यालाही आहे. ज्या योद्ध्याला पाणी देणारे कोणी उरले नाही त्याला कोणीही द्यावे, हाच त्याचा आशय.

मी हे आबांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "म्हणजे तो आपल्याच गोतातला म्हण की. मला त्या दिवशीच वाटलं होतं." त्या वर्षापासून मी 'काश्यपगोत्र, अज्ञातनामा' असा उच्चार करू लागलो आणि आबा ओंजळ सोडू लागले. १९९१ मध्ये ते गेले. त्या ओंजळीचा वारसा आता माझ्याकडे आहे.

शिळेवरची नावे

ज्यांच्या घरचे जवान त्या भूमीत राहिले त्यांच्यासाठी थोडी माहिती येथे नमूद करणे उचित होईल. ज्या हिंदू व शीख सैनिकांना अग्नी दिला गेला, त्यांच्या नावांची तीन दहनस्मारके इटलीत आहेत. सांग्रो नदीकाठच्या युद्ध-दफनभूमीतील स्मारकावर पाचशेहून अधिक नावे आहेत. उरलेली दोन फोर्ली आणि रिमिनी येथे आहेत. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंबेगावच्या या बावीस वर्षांच्या तरुणाने १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात, सोबतचे सर्व पडल्यावर, एकट्याने मशीनगनवर चाल करून ती जिंकली आणि तेथेच देह ठेविला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, असा तिच्यावरील लॅटिन वचनाचा आशय आहे. परक्या गावाने आपल्या पोराचे स्मरण ठेवावे, हेही एक तर्पणच होय.

देह न सापडलेल्यांसाठी आपल्या धर्मशास्त्रातही पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात. पण विधीपेक्षा नाव मोलाचे. त्या युद्धाच्या समाप्तीला ऐंशी वर्षे होऊन गेली. ते पाहिलेले डोळे आता क्वचितच कोठे उरले असतील. मात्र १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतून परतलेली माणसे आजही आपल्या गल्लीत, आपल्या वाड्यात, कधी आपल्याच ओसरीवर गप्प बसलेली असतात. आपण त्यांना पराक्रमाची कथा विचारतो आणि ते हसून विषय बदलतात. त्यांना शेवटच्या ओंजळीविषयी कोणी विचारीत नाही.

आज सायंकाळी आपट्याची पाने वाटताना सोने घ्या, सोन्यासारखे राहा, असे आपण म्हणू. ते म्हणताना अशा एखाद्या घरी अवश्य जावे. सत्काराची घाई करू नये. पान हातावर ठेवून, पाया पडून, थोडा वेळ जवळ बसावे. ते बोलले तर ऐकावे. न बोलले तरी उठण्याची घाई करू नये. पुढील वर्षी घातचतुर्दशी येईल तेव्हा त्यांच्यासमवेत नदीवर जावे, आणि ज्यांची नावे ते सांगतील त्यांना पाणी द्यावे. ज्याचे नाव त्यांना सांगता येणार नाही, त्याचे गोत्र काश्यप आहे, एवढे त्यांना सांगावे. मग दसरा येईल तेव्हा वेस ओलांडणे खरोखर घडेल.

सर्व वाचकांना विजयादशमी कल्याणप्रद होवो, ही पांडुरंगचरणी प्रार्थना.